मागवाले सुझुकी

सबमिशन संपलं त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर जो वाद पेटला, त्यातून हा लेख निघाला आहे. वाद नेहमीचाच. पहिला पगार झाला की कोणती गाडी घ्यायची? (मेसचं बिल भरायला खिशात पैसे नाहीत, पण गाडीचा रंगसुद्धा ठरलेला!) अर्ध्या मुली उंच, दणकट गाड्यांच्या बाजूच्या, कारण हल्ली सगळ्यांना त्याच हव्या असतात. उरलेल्या स्विफ्टच्या. मी स्विफ्टवाली. तेवढ्यात एकीने मत दिलं की छोटी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा आणि सुझुकीवाल्यांना डबे करण्यापलीकडे काही येत नाही. मी म्हटलं, येत होतं की! ते मुळात मागवाले. आपल्या इचलकरंजीत असतात ना, तसे. सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी हातकणंगल्याची, आमच्या तालुक्यात कानाला चोवीस तास खटखट, त्यामुळे मला जगात सगळीकडे मागच दिसतात असं सर्वानुमते ठरलं. शेवटी पैज लागली. एक मिसळ, एक्स्ट्रा कट आणि पावासकट.

पैज जिंकण्यापुरतं म्हणून जे वाचायला घेतलं, त्यात मिचिओ सुझुकी हा माणूस मला भलताच आवडून गेला. आपल्याला पुस्तकांत फोर्ड भेटतो, डिझेल भेटतो, वॅट तर शाळेपासून पाठ सोडत नाही. हे आजोबा मात्र कुठेच भेटत नाहीत. आणि कॉलेजच्या पार्किंगमधल्या किती गाड्यांवर त्यांचं आडनाव आहे ते उद्या जाता जाता मोजून बघा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तेवढं सांभाळून घ्या.

मिचिओ यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८८७ चा, जपानमधल्या हामामात्सु या गावाजवळचा. टोकियो आणि नागोया यांच्या दरम्यान, समुद्राकाठी हे गाव आहे. आजूबाजूला कापसाचा मुलूख, घरोघरी सूत आणि विणकाम. मिचिओंचं घरही शेतकऱ्याचंच. या पट्ट्याचं एक नवल आहे. टोयोटाचे मूळपुरुष साकिची टोयोडा १८६७ साली इथून जवळच्याच एका खेड्यात जन्मले, आणि तेही मागवालेच. होंडा कंपनीचे सोइचिरो होंडा १९०६ साली याच भागात जन्मले. यामाहा नावाचे गृहस्थ १८८७ साली, म्हणजे मिचिओ जन्मले त्याच वर्षी, हामामात्सुत बाजाची पेटी दुरुस्त करत होते, आणि त्यातून त्यांची कंपनी उभी राहिली. एवढी मंडळी एकाच पट्ट्यात कशी काय? पाण्याचा गुण म्हणून सोडून देता येईल, पण मला वाटतं जिथे घरोघरी यंत्र चालतं तिथे ते घरोघरी बिघडतंसुद्धा, आणि बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणारी पोरं आपोआप तयार होतात. आपल्याकडे शिरोलीच्या फौंड्र्यांत आणि इचलकरंजीच्या जॉबर लोकांत हे रोज बघायला मिळतं.

चौदाव्या वर्षी, १९०१ साली, मिचिओला एका सुताराकडे शिकायला ठेवलं. करार सात वर्षांचा! आपण चार वर्षांच्या डिग्रीला कंटाळतो. मिचिओला सात वर्षं रंधा मारायचा होता, आणि पोरगा घर बांधायला शिकायला गेला होता. पण १९०४ साली जपान आणि रशियाचं युद्ध जुंपलं आणि घरांची कामं आटली. सुतारमालकाला पोट तर भरायचं होतं. त्याने पायाने चालवायचे लाकडी माग बनवायला घेतले आणि त्याच्याबरोबर सतरा वर्षांचा मिचिओही मागाकडे वळला. युद्ध झालं नसतं तर कदाचित तो एक चांगला गवंडी-सुतार म्हणून आयुष्य काढता आणि माझी मिसळ हुकली असती.

इथे एक गंमत सांगते. १९०४ हेच ते वर्ष, ज्या वर्षी विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला आधार होता. हामामात्सुचा एक सुतार आणि इचलकरंजीचे दातार यांना एकमेकांचं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण दोन्ही गावांचं नशीब एकाच साली मागाला बांधलं गेलं.

करार संपला. १९०९ साली, बावीस वर्षांचे असताना, मिचिओंनी स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, रेशमाचे किडे पाळायची एक जुनी खोली. पहिला माग त्यांनी आईसाठी केला. आई त्यावर भराभर विणायला लागली. ते बघून शेजारच्या बायका चौकशीला आल्या आणि मग ऑर्डरी सुरू झाल्या. आजच्या भाषेत याला मार्केट रिसर्च म्हणतात. (इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करणार आहे, कारखानदार झाले ना!)

आता थोडं टेक्निकल. टेक्स्टाइलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवे असतात तो बाणा. ताण्याचे धागे अर्धे वर, अर्धे खाली होतात, मध्ये फट पडते आणि त्या फटीतून धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्याच्या पोटात कांडी, कांडीवर आडवं सूत. धोटा गेला की फणी येऊन त्या धाग्याला ठोकून बसवते. खट! परत फट, परत धोटा. साधं कापड असेल तर एकच धोटा बास. पण समजा आडवे पट्टे हवे आहेत, दहा धागे पांढरे, मग चार निळे. मग दुसऱ्या रंगाचा दुसरा धोटा लागतो. आणि साध्या मागावर प्रत्येक वेळी माग थांबवून, एक धोटा काढून, दुसरा हाताने ठेवायला लागायचा. त्यात वेळ जायचा आणि मजुरी तर कापडावर मिळते, वेळेवर नाही!

मिचिओंनी धोट्याची पेटी दुमजली केली आणि ती खालीवर सरकेल अशी व्यवस्था केली. वरच्या मजल्यात पांढरा, खालच्यात निळा. पाहिजे तो मजला फटीसमोर आला की तोच धोटा सुटणार. लिफ्टच म्हणा ना. १९१२ च्या सुमाराला त्यांनी याची नोंदणी केली. इचलकरंजीच्या शेडमध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या मागाला ड्रॉप बॉक्स म्हणतात. माझ्या आजोबांच्या कबनूरच्या शेडमध्ये असे दोन माग होते. लहानपणी मी ती खालीवर होणारी पेटी तासन् तास बघत बसायची, आणि कांडी भरणाऱ्या मावशी मला लांब सरकवायच्या, कारण धोटा उडाला तर डोळाच जायचा.

पुढची वीस वर्षं भरभराटीची. १५ मार्च १९२० रोजी पाच लाख येन भांडवलावर रीतसर कंपनी झाली, सुझुकी माग कंपनी. १९३० च्या आसपास त्यांनी सारोंग विणायचा माग काढला. सारोंग म्हणजे आपली चौकड्याची लुंगी समजा. आग्नेय आशियात सगळे ती नेसतात. उभे-आडवे दोन्हीकडचे रंग बदलायचे, पन्हाही रुंद, म्हणजे मागवाल्याची सत्त्वपरीक्षा. पण मिचिओंनी बघितलं की जपानमधल्या गिऱ्हाइकावर बसून राहण्यापेक्षा लुंगी नेसणाऱ्या देशांना माग विकलेला बरा. माग जहाजाने बाहेर जायला लागले. सगळ्या आयुष्यात त्यांच्या नावावर शे-सव्वाशे पेटंटं आणि नोंदण्या जमा झाल्या. शाळा तर चौदाव्या वर्षीच सुटलेली.

आता असं सगळं छान चाललेलं असताना माणूस काय करतो? बंगला बांधतो. मिचिओंना मात्र वेगळाच घोर लागला होता. त्यांचा माग फार टिकायचा! लाकूड-लोखंड उत्तम, सांधे पक्के. एकदा घेतलेला माग मागवाला वीस-पंचवीस वर्षं बदलत नाही, मुलालाही देऊन जातो. मग कंपनीने दरवर्षी विकायचं काय आणि कुणाला? वस्तू चांगली केली म्हणून धंदा अडचणीत येतो, हे आम्हाला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात अजून तरी कुणी विचारलेलं नाही. बाजार कधीतरी भरून जाणार, हे त्यांना बाजार तेजीत असतानाच दिसलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या शोधांपेक्षा हे दिसणं मोठं आहे.

म्हणून १९३७ साली, पन्नासाव्या वर्षी, ते मोटारीकडे वळले. ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी इंग्लिश गाडी विकत आणून खोलली. नट न नट सुटा करून प्रत्येक भाग बघितला. (आपण लॅबमध्ये गिअरबॉक्स खोलतो आणि जोडताना दोन वॉशर उरतात, तसं नव्हे.) दोन वर्षांत स्वतःच्या काही नमुना गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, ॲल्युमिनियमचा ओतीव क्रँककेस, आठशे सीसीपेक्षा कमी क्षमता आणि ताकद १३ अश्वशक्ती. आठशे सीसीपेक्षा कमी! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आणि इथे सरकार आडवं आलं. चीनशी युद्ध सुरू झालेलं होतं, दुसरं महायुद्ध दारात होतं. खाजगी मोटारगाडी ही गरजेची वस्तू नाही असं ठरलं आणि कारखाना युद्धाच्या सामानाला जुंपला गेला. गाडीचं काम बंद. मग सगळं एकावर एक आलं. ७ डिसेंबर १९४४ रोजी मोठा भूकंप झाला, कारखान्याच्या भिंती बसल्या. १९४५ मध्ये हामामात्सुवर बाँब पडले आणि जुलै महिन्यात तर समुद्रातून युद्धनौकांनी तोफा डागल्या. युद्ध संपलं तेव्हा मिचिओ अठ्ठावन्न वर्षांचे होते. इकडे त्या वयात लोक रिटायर होऊन फंडाची वाट बघत असतात.

युद्धानंतर लगेच माग कोण घेणार? सूतच नव्हतं. मग शेतीची अवजारं, हीटर, खिडक्यांच्या कड्या, जे जमेल ते केलं. अमेरिकेचा कापूस यायला लागल्यावर माग परत सुरू झाले, दोन-चार वर्षं बरी गेली. १९५० साली कामगारांचा मोठा संप झाला आणि कंपनी बुडायच्या काठाला आली. हात कुणी दिला माहितीय? टोयोडांच्या माग कंपनीने. म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच! एका पंचक्रोशीतले, एका धंद्यातले, तेव्हा भाऊबंदकी असली तरी बुडताना बघवलं नसावं. पुढच्याच वर्षी सुताचा बाजार कोसळला. माग हा भरवशाचा धंदा नाही, हे चौदा वर्षांपूर्वी दिसलेलं आता डोळ्यांसमोर उभं होतं.

या वेळी वाट दाखवली ती जावयाने. मिचिओंचे जावई शुन्झो यांना मासेमारीचा नाद. सायकलवरून समुद्रावर जायचे आणि परत येताना समोरून वारं. हामामात्सुचं वारं हाडं फोडणारं असतं म्हणतात. तंगड्या दुखायला लागल्यावर जावईबापूंच्या डोक्यात आलं की सायकलला एक छोटं इंजिन लावलं तर? जून १९५२ मध्ये पॉवर फ्री नावाने ते बाजारात आलं. ३६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. होंडांनी असली इंजिनं १९४६ पासूनच विकायला काढली होती, म्हणजे कल्पना काही नवी नव्हती. पण सुझुकींनी एक खुबी केली. दोन चकत्यांची अशी रचना की फक्त पायडल मारा, फक्त इंजिनवर जा, नाहीतर दोन्ही एकदम वापरा. तेव्हाचं इंजिन भरवशाचं नसायचं, चढाला दम तोडायचं, मग माणसाने थोडी मदत करायची. गिऱ्हाईक गरीब आहे आणि आपलं इंजिनही थोडं गरीब आहे, हे मान्य करून केलेलं डिझाइन ते. १९५३ मध्ये ६० सीसीची डायमंड फ्री आली आणि फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली. १९५४ साली महिन्याला सहा हजार गाड्या निघत होत्या आणि जूनमध्ये कंपनीच्या नावातून माग गेला, मोटर आली.

जावयावरून एक सांगायचं राहिलं. शुन्झो हे दत्तक जावई. मुलगी दिली आणि आडनावही दिलं. पुढे कंपनी ज्यांच्या हातात गेली ते एकामागून एक असेच लग्नाने सुझुकी झालेले. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंडाला पदर लावून हसतात. तिकडे मात्र कर्तबगार माणूस बघून त्याला घरात आणायचं आणि धंदा सोपवायचा, ही रीतच आहे. तसं कोल्हापूरकरांना हे नवीन वाटायला नको. शाहू महाराजसुद्धा कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आलेले होते.

दुचाकी जोरात चालली होती. कुणीही समाधान मानलं असतं. पण सदुसष्टाव्या वर्षी मिचिओंनी परत मोटार काढली. सतरा वर्षं तो विषय त्यांच्या डोक्यातून गेलेलाच नव्हता. १९५४ साली फोक्सवॅगन, फ्रान्सची सिट्रोन टू सीव्ही आणि जर्मनीची लॉइड अशा गाड्या आणून पुन्हा तोच कार्यक्रम. खोला, बघा, जोडा. जपान सरकारने ३६० सीसीच्या आतल्या गाड्यांना करात आणि नियमांत सवलत दिली होती, तेव्हा इंजिन ३६० सीसी टू-स्ट्रोक ठरलं. खरी उडी मात्र दुसरीकडे होती. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना! आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. तेव्हा जपानमध्ये कुणी हे बाजारातल्या गाडीत केलं नव्हतं. फायदा सरळ आहे. पुढून मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, त्याच्यासाठी मधोमध लागणारा उंचवटा गेला, गाडी हलकी झाली आणि एवढ्याशा लांबीत चार माणसांचे पाय मावले. तोटाही सरळ आहे. ज्या चाकाला वळायचंय त्यालाच ताकदही पोचवायची, म्हणजे सांध्यांची परीक्षा. त्या सांध्यांनी सुझुकींच्या लोकांना बरंच रडवलं.

नमुना गाड्या तयार झाल्यावर त्या टोकियोला, यानासे नावाच्या मोठ्या मोटार व्यापाऱ्याला दाखवायचं ठरलं. अंतर अडीचशे किलोमीटर, मध्ये हाकोनेचा घाट, रस्ता बराचसा खडीचा. रेल्वेने पाठवल्या असत्या तर? पण नाही, चालवतच नेल्या. गाड्या वाटेत बिघडत, दुरुस्त होत गेल्या आणि वेळ टळून गेली. रात्री उशिरा मंडळी पोचली तेव्हा यानासे वाट बघत थांबलेले होते. त्यांनी लगेच गाडी चालवून बघितली आणि पसंती दिली. आंबा घाट उतरून फोंड्याच्या घाटाने परत यावं, तेही स्वतः बनवलेल्या गाडीने, असं काहीसं मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला घाम फुटतो. आमची गो-कार्ट कॉलेजच्या गेटपर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

ऑक्टोबर १९५५ मध्ये सुझुलाइट बाजारात आली. मिचिओ अडुसष्ट वर्षांचे होते. सुरुवातीला महिन्याला तीन-चार गाड्या निघायच्या. धडाक्यात खपली असं मुळीच नाही. सामान्य जपानी माणसाला ती महागच होती. काही वर्षांत प्रवासी गाडी मागे पडली आणि मालाची छोटी व्हॅन चालू राहिली, कारण व्हॅनला कर कमी आणि दुकानदाराला ती परवडायची. हेसुद्धा लक्षात ठेवा.

आता जरा इचलकरंजीला येऊ या, कारण हे लिहिताना माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही. सुझुलाइटच्या सहा वर्षं आधी, १९४९ साली, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी एक छोटी गाडी बनवली होती. मीरा. शिक्षण जेमतेम, कारखाना लहान, पण गाडी रस्त्यावर चालली. पुढे पंचवीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले, नवीन नमुने काढत राहिले. बारा हजारांच्या आसपास विकता येईल अशी गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. बाजारात मात्र ती कधी आली नाही. परवान्यांचा काळ होता, सरकारदरबारी मोटारगाडी ही चैनच होती. शंकररावांबद्दल आमच्याकडे जुने लोक अजून हळहळून बोलतात आणि शेवटी एकच म्हणतात की ते जपानात जन्मले असते तर!

मला हे अर्धंच पटतं. जपानातही सरकारने मिचिओंची गाडी बंद पाडलीच होती की. फरक असा की मिचिओंच्या पाठीशी तीस वर्षं चाललेला मागाचा कारखाना होता. कामगार होते, ओतकाम होतं, पडल्यावर उचलायला शेजारी होता. म्हणून त्यांना सतरा वर्षांनी दुसरा डाव मिळाला. शंकररावांकडे हुशारी कमी नव्हती, दुसरा डाव नव्हता. आमच्या वर्कशॉपच्या सरांशी यावर मी भांडले आहे. त्यांच्या मते सगळा दोष परवान्यांचाच. तुम्ही तुमचं ठरवा.

१९५७ साली, सत्तराव्या वर्षी, मिचिओंनी कारभार शुन्झोंकडे दिला आणि स्वतः बाजूला झाले. १९६१ मध्ये मागाचा विभाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली. पुढे पाव शतक ते जगले, म्हणजे त्यांनी जे पेरलं ते उगवलेलं बघायला त्यांना भरपूर वेळ मिळाला.

त्यातलं सगळ्यात मोठं पीक १९७९ साली आलं. तेव्हा सूत्रं ओसामु सुझुकींकडे होती. शुन्झोंचे जावई, म्हणजे मिचिओंचे नातजावई. (हे ओसामु डिसेंबर २०२४ मध्ये वारले.) त्यांनी अल्टो काढली आणि किंमत ठेवली ४ लाख ७० हजार येन, तिकडच्या मानाने फारच कमी. युक्ती काय? कागदोपत्री ती मालवाहू व्हॅन होती! मागे उघडणारं मोठं दार, मागचं सीट नावापुरतं, म्हणून प्रवासी गाडीवरचा कर तिला लागत नव्हता. लोकांनी हिशोब केला की रोज गाडीत बसतं कोण? एक नाहीतर दोन माणसं. आठवड्याचा बाजार मागच्या दाराने भरता येतोय, मग अजून काय पाहिजे? आपण ज्याला ऐटीत हॅचबॅक म्हणतो, ते मागचं दार मालाच्या गाड्यांनी आधीच वापरून ठेवलेलं होतं. सुझुलाइटच्या व्हॅनची लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट ती हीच.

आणि हीच अल्टो थोडी बदलून, ७९६ सीसीचं इंजिन घालून, आपल्याकडे मारुती ८०० म्हणून आली. आठशेपेक्षा कमी, पुन्हा एकदा! सीसीचा योगायोग आहे हे मला कळतं, पण मला तो आवडतो. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली होती आणि भागीदार शोधत होती. ओसामुंनी ती संधी घेतली. २६ टक्के भाग घेऊन सुझुकींनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार केला. आपल्याकडे तेव्हा होत्या दोनच गाड्या म्हणायच्या, अँबॅसडर आणि कुर्ल्यात बनणारी पद्मिनी. दोन्ही जुन्या युरोपियन साच्यातल्या. पन्नास हजारांच्या आसपास किंमत, थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारं इंजिन, पेट्रोल कमी आणि घरच्या बाईलाही सहज वळवता येईल असं स्टिअरिंग. गाडी तयार व्हायच्या आधीच लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून ठेवले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली चावी दिली गेली. २०१४ च्या जानेवारीत ती गाडी बंद झाली तोवर पंचवीस लाखांच्या वर निघाल्या होत्या.

मिचिओंनी हे बघितलं नाही. करार झाल्यावर पंचवीस दिवसांनी, २७ ऑक्टोबर १९८२ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

आमच्या घरी एक ८०० होती, क्रीम रंगाची, सेकंडहँड. आजोबांनी ती फिरायला घेतलीच नव्हती. मागचं सीट पाडून ते तिच्यात सुताची बाचकी भरायचे आणि कबनूरच्या शेडवर न्यायचे. गाडीत कायम खळ आणि मागाच्या तेलाचा वास. शाळेत सोडायला आले की माझ्या युनिफॉर्मला सुताचे तुसे चिकटायचे आणि सिस्टर रोज विचारायच्या की हे काय आहे. मला लाज वाटायची. मी त्यांना एकदा गाडी कोपऱ्यावरच थांबवायला सांगितलं, त्यांनी काही न बोलता थांबवली आणि मग रोजच कोपऱ्यावर थांबवायला लागले.

आजोबा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपला आणि मजुरी पिकावर. चार मागांतले दोन गेल्या दोन वर्षांत भंगारात गेले, किलोवर. गेलेले दोन्ही ड्रॉप बॉक्सचे. बाबांचं म्हणणं उरलेलेही काढून शेड भाड्याने द्यावी. घरात हा विषय निघाला की कुणी ना कुणी जेवताना उठून जातं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांना मिचिओंची सगळी गोष्ट सांगितली. दुमजली पेटीचं सांगताना त्यांनी हातानेच पेटी खालीवर करून दाखवली, बरोबर आहे ना म्हणून. मोटारीचं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या माणसाने माग बंद कधी केले. मी म्हटलं, बंद नाही केले, वेगळी कंपनी काढून चालू ठेवले. १९६१ साल त्यांनी दोनदा विचारून घेतलं. बाबा तिथेच बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पण बोलले काही नाहीत.

मिसळ अजून मिळालेली नाही. पैज हरलेल्या मैत्रिणीने आता नवीन मुद्दा काढलाय की टोयोडांचं मला आधीच माहीत होतं, म्हणून ही चीटिंग धरावी. संपादकांनी हा लेख छापला तर तिला एक अंक मी स्वतः नेऊन देणार आहे.